सुताचा भाव, रोख्याचा भाव

«ताई, मी इचलकरंजीचा. टेक्स्टाइल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सीजीपीए ७.४. दहावीपर्यंत मराठी माध्यम. वडिलांचे १६ साधे माग आहेत, मजुरीवर चालतात. मावसभावाचा मित्र मुंबईत बीकेसीतल्या एका बँकेत डीलर आहे. दिवाळीत त्याच्या तोंडून डीलिंग रूमचं वर्णन ऐकलं आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. येत्या उन्हाळ्यात बँकेच्या ट्रेडिंग डेस्कवर इंटर्नशिप करायची आहे. ४० ठिकाणी अर्ज केले. दोघांनी नकार कळवला, बाकीच्यांनी काहीच नाही. फायनान्सचा एकही विषय शिकलेलो नाही. मोबाइलवर ऑप्शन्स खेळून १८ हजार घालवलेत, घरी माहीत नाही. हे बायोडेटात 'ट्रेडिंगचा अनुभव' म्हणून लिहू का? एक संस्था ३५ हजारांत 'ट्रेडिंग इंटर्नशिप' आणि सर्टिफिकेट देते. भरू का? फायनान्स न शिकलेल्याला कुणी दारात उभं करतं का?
— एक यंत्रमागवाला»

अरे यंत्रमागवाल्या,

आधी ३५ हजारांचं, कारण त्या संस्थेचा माणूस तुला रोज फोन करत असणार. भरू नकोस. इंटर्नशिपमध्ये पैसे तुझ्याकडे यायचे असतात, फार तर येत नाहीत. पण तुझ्या खिशातून जात नाहीत. जो पैसे घेतो तो शिकवणी चालवतो, आणि शिकवणीला शिकवणी म्हणायला त्याची हरकत का असावी, हे तूच ठरव. मी बावीस वर्षं एका बँकेच्या ट्रेझरीत, म्हणजे बँकेचा पैसा बाजारात गुंतवणाऱ्या विभागात, काढली. इंटर्न निवडायच्या समितीवर अनेकदा बसले. अशा सर्टिफिकेटमुळे कुणाला आत घेतल्याचं मला आठवत नाही. शंका आल्याचं मात्र आठवतं.

आता ४० अर्जांबद्दल. तू ते कुठे पाठवलेस हे लिहिलं नाहीस, पण मला अंदाज आहे: मोठ्या परदेशी बँकांच्या करिअर पानांवर, 'मार्केट्स समर' असं नाव असलेल्या जागांना. त्या जागा थोड्या असतात. बहुतेक ठरलेल्या कॅम्पसमधून भरतात आणि त्यांच्या मुलाखती आदल्या पावसाळ्यातच उरकतात. म्हणजे तू दिवाळीनंतर अर्ज करत होतास तेव्हा ती पंगत उठून गेली होती. देशी बँकांच्या ट्रेझरीत उन्हाळ्यात मुलं येतात ती बरीचशी एमबीएची. तुझे अर्ज कुणी वाचून फेटाळले असं समजू नकोस. बहुधा ते कुणी उघडलेच नसतील. यंदाच्या उन्हाळ्यात बीकेसीतल्या परदेशी बँकेच्या डेस्कवर बसशील असं मी तुला खोटं सांगणार नाही. पण बँकेच्या डेस्कवर बसू शकतोस. ती बँक तुझ्या घरापासून सायकलने जाण्याच्या अंतरावर असेल. त्याकडे वळण्याआधी थोडं आत काय चालतं ते सांगते, कारण दिवाळीतल्या गप्पांत हा भाग सहसा येत नाही.

बँक सरकारी रोखे, म्हणजे सरकारने घेतलेल्या कर्जाचे कागद, का घेते? तुझ्या डोक्यात उत्तर असेल: नफ्यासाठी. पहिलं उत्तर आहे: कायदा सांगतो म्हणून. बँकेला आपल्या ठेवींच्या, म्हणजे नेमकं बोलायचं तर देण्यांच्या, १८ टक्के रक्कम सरकारी रोख्यांसारख्या सुरक्षित गोष्टींत ठेवावीच लागते. याला एसएलआर म्हणतात. आता इतके रोखे घ्यायचेच आहेत म्हटल्यावर कोणते घ्यायचे, कधी घ्यायचे, मुदतीपर्यंत धरायचे की मधेच विकायचे, हे कुणीतरी बसून ठरवावं लागतं. त्यातून डेस्क तयार होतो. त्याच्या शेजारी डॉलर-रुपयाचा डेस्क, रोजची रोकड जुळवणारा मनी मार्केटचा डेस्क, व्याजदराच्या स्वॅपचा, म्हणजे अदलाबदलीच्या करारांचा, आणि निर्यातदार-आयातदारांशी फोनवर बोलणारा सेल्सचा डेस्क. हा शेवटचा लक्षात ठेव, त्याच्याकडे परत येते.

हे झालं फ्रंट ऑफिस. त्यामागे मिड ऑफिस असतं, ते मर्यादा आणि जोखीम मोजतं. आणि बॅक ऑफिस असतं, ते सौदे मिटवतं. ही तीन माणसं वेगळी का असावी लागतात, हा प्रश्न मुलाखतीत येतो. त्याचं उत्तर १९९५ मध्ये सिंगापुरात मिळालं. निक लीसन नावाच्या एकाच माणसाकडे सौदे करणं आणि ते मिटवणं अशी दोन्ही कामं होती. त्याने तोटा एका खात्यात लपवला, तो फुगत ८२ कोटी पौंडांच्या वर गेला आणि १७६२ साली स्थापन झालेली बेअरिंग्ज बँक बुडाली. आपल्याकडे १९९२ ला, हर्षद मेहताच्या घोटाळ्यात, बँक रिसीट नावाच्या कागदाने जे केलं ते तुझ्या वडिलांना आठवत असेल. कागद होता, मागे रोखे नव्हते.

मी स्वतः बॅक ऑफिसातून आले. साताऱ्याला बी.एस्सी. केलं, विषय पदार्थविज्ञान. फायनान्स इतकंच की आईची भिशी मी लिहायचे. प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून लागले आणि २००० साली कुणाच्या तरी लांबलेल्या रजेवर म्हणून मला मुंबईच्या ट्रेझरीत बसवलं. तेव्हा सौदे फोनवर व्हायचे. डीलर कागदी डील स्लिप भरायचा, आम्ही त्यावरून रोखे हस्तांतराचा एसजीएल फॉर्म तयार करायचो आणि ते फोर्टात रिझर्व्ह बँकेच्या पब्लिक डेट ऑफिसात पोचवायचो. एका शुक्रवारी मी विक्रीचा सौदा खरेदी म्हणून नोंदवला. सोमवारी समोरच्या बँकेतून फोन आला, रोखे कुठे आहेत? मी अर्धा तास स्लिपा चाळल्या, चूक सापडली आणि तशीच उठून मुख्य डीलरकडे गेले. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि एकच विचारलं, फोन किती वाजता आला होता. अर्धा तास आधी, म्हटलं. 'पुढच्या वेळी आधी इकडे ये, मग चाळ.' दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आठ महिन्यांनी मला डेस्कवर घेतलं. गुणवत्तेवर घेतलं असं सांगायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे एकाची बदली झाली होती आणि खुर्ची रिकामी होती. पुढे २००५ च्या ऑगस्टमध्ये एनडीएस-ओएम ही रिझर्व्ह बँकेची रोख्यांच्या सौद्यांची संगणक यंत्रणा सुरू झाली, सौदे पडद्यावर जुळू लागले आणि हळूहळू फोन शांत झाले.

हे सांगण्याचं कारण असं. डेस्क नव्या पोराकडून फायनान्सची अपेक्षा फारशी करत नाही. रोख्याचं गणित हुशार मुलाला दोन आठवड्यांत येतं. दोन आठवड्यांत जे शिकवता येत नाही ते म्हणजे आपलं मत आधी लिहून ठेवणं आणि ते चुकलं की चुकलं म्हणणं. मत सगळ्यांकडे असतं. बाजार बंद झाल्यावर तर फारच असतं. 'मला वाटलंच होतं' हे वाक्य मी डीलिंग रूममध्ये जितकं ऐकलं तितकं लग्नघरातही ऐकलं नाही.

म्हणून वही कर. दोनशे पानी साधी, फिरवलेल्या तारखांचा संशय येऊ नये म्हणून कागदाचीच. एकच वस्तू निवड: दहा वर्षांचा सरकारी रोखा. रोज सकाळी नऊच्या आत, म्हणजे बाजार उघडायच्या आधी, चार ओळी लिही. काल यील्ड, म्हणजे त्या भावाला रोखा घेतला तर पडणारा वार्षिक परतावा, कुठे बंद झालं. आज कुठे जाईल असं वाटतं. का. आणि कुठल्या पातळीला गेलं तर मी चुकलो असं मानीन. संध्याकाळी पाचनंतर पाचवी ओळ: काय झालं. बस. यासाठी महागडं टर्मिनल लागत नाही. क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या संकेतस्थळावर एनडीएस-ओएमचे भाव फुकट दिसतात. रिझर्व्ह बँक रोज मनी मार्केटचे आकडे जाहीर करते. बुधवारी ट्रेझरी बिलांचा, म्हणजे सरकारच्या वर्षाच्या आतल्या कर्जाचा, लिलाव असतो, ९१, १८२ आणि ३६४ दिवसांच्या. मुदतीच्या रोख्यांचा लिलाव सहसा शुक्रवारी. लिलावाचा निकाल वाचायला शीक: कट-ऑफ, म्हणजे शेवटची स्वीकारलेली बोली, किती आला, बोली किती आल्या. हे ६० दिवस कर. निम्म्या वेळा चुकशील. मी बावीस वर्षांनंतरही चुकायचे. चौथी ओळ मात्र एकही दिवस रिकामी ठेवायची नाही. तुझे १८ हजार त्या ओळीअभावीच गेले, एवढं मी पैज लावून सांगते.

सरावाला मागची एक तारीख देते: ६ जून २०२५. त्या दिवशी रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना उसने पैसे देते तो दर, ६ वरून थेट ५.५ टक्क्यांवर आणला. बाजारात बहुतेकांनी पाव टक्क्याची कपात धरली होती, झाली अर्ध्याची. शिवाय सीआरआर, म्हणजे बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायची रोकड, टप्प्याटप्प्याने एक टक्का कमी करणार हेही जाहीर झालं. पुस्तक सांगतं की व्याजदर उतरले की रोख्यांचे भाव चढतात, यील्ड उतरतं. तसं झालंही, काही वेळ. मग दहा वर्षांचं यील्ड फिरलं आणि वर गेलं. का? कारण त्याच निवेदनात रिझर्व्ह बँकेने आपला पवित्रा 'अकोमोडेटिव्ह'वरून, म्हणजे कपातीकडे झुकलेल्यावरून, 'न्यूट्रल', म्हणजे तटस्थ, केला होता. बाजाराने त्याचा अर्थ लावला: जे द्यायचं ते दिलं, यापुढे फार काही नाही. ज्यांनी कपातीच्या आशेने आधीच रोखे घेऊन ठेवले होते त्यांनी विकून नफा घेतला. वडिलांना विचार. सूत वाढणार अशी आवई आठ दिवस फिरत असते, सगळे भरून ठेवतात, आणि ज्या दिवशी खरंच वाढतं त्या दिवशी विकणारेच जास्त निघतात. तू हे घरात पाहिलंयस, फक्त त्याला नाव दिलेलं नाहीस.

गणित थोडं लागेल, तेही या वहीतच कर. शंभर रुपयांच्या दहा वर्षांच्या रोख्याचं यील्ड एक बेसिस पॉइंट, म्हणजे टक्क्याचा शंभरावा भाग, हललं तर भाव साधारण सात पैसे हलतो. एनडीएस-ओएमवरचा नेहमीचा लॉट ५ कोटींचा. मग एका लॉटवर एक बेसिस पॉइंट म्हणजे ३५ हजार रुपये. गंमत बघ, नेमकी तुझ्या त्या संस्थेची फी. हा आकडा तोंडात बसला की तुला कळेल की डीलर यील्डमध्ये विचार करतो, पैशांत बोलतो आणि रात्री लाखांत जागा राहतो. एक्सेलमध्ये रोख्याच्या भावाचा तक्ता स्वतः बांध, तयार मिळतो तो उतरवू नकोस. पायथन येत असेल तर चांगलं, नसेल तर यंदा त्यासाठी थांबू नकोस.

आणि एक खरा सौदा कर. रिझर्व्ह बँकेची रिटेल डायरेक्ट योजना १२ नोव्हेंबर २०२१ पासून आहे. पॅन आणि बचत खातं असलं की खातं फुकट उघडतं, आणि १० हजारांचं ट्रेझरी बिल तू थेट लिलावात घेऊ शकतोस. समज ९१ दिवसांच्या बिलाचं यील्ड ५.५ टक्के ठरलं. मग १० हजारांच्या बिलाला तू साधारण ९,८६५ रुपये देशील आणि मुदतीला १० हजार मिळतील. मिळाले १३५. तुझ्या ऑप्शन्सच्या मित्रांना हसू येईल, येऊ दे. मुलाखतीत 'मी ट्रेझरी बिलाच्या लिलावात बोली लावली आहे' असं म्हणणारा विद्यार्थी मी माझ्या काळात पाहिला नाही. तेव्हा बहुतेक काळ इतकी सोपी सोयच नव्हती. आज आहे, आणि फार थोडे वापरतात.

आता सायकलच्या अंतरावरची बँक.

तुझ्या पट्ट्यात, कोल्हापूर-सांगली-इचलकरंजीत, नागरी सहकारी बँका आहेत. त्यांनाही एसएलआर राखावा लागतो. म्हणजे प्रत्येकीकडे गुंतवणूक विभाग आहे, कधी चार माणसांचा, कधी एका माणसाचा, आणि त्याच माणसाकडे रिकन्सिलिएशन, म्हणजे हिशेब जुळवणंही, असतं. काही बँका स्वतः एनडीएस-ओएमवर सौदे करतात. बाकीच्या एखाद्या मोठ्या बँकेमार्फत किंवा प्रायमरी डीलरमार्फत, म्हणजे सरकारी रोख्यांच्या मान्यताप्राप्त घाऊक व्यापाऱ्यामार्फत, रोखे घेतात. तिथे काचेची खोली नाही, सहा-सहा पडदे नाहीत. शेजारी पासबुक छापायचं यंत्र खडखडत असतं. पण रोखे तेच, लिलाव तोच, आणि चुकलं तर तोटाही तसाच. मुंबईच्या मोठ्या डेस्कवर इंटर्नला कुणी काही करू देत नाही, तो सहा आठवडे दुसऱ्याच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसतो. इथे बसायला माणसंच कमी आहेत.

कसं जायचं? 'काही इंटर्नशिप आहे का' असं विचारत जाऊ नकोस, कारण त्यांच्याकडे तशी योजना बहुधा नसेल आणि उत्तर 'नाही' येईल. काहीतरी घेऊन जा. काय, ते सांगते. या बँकांत गुंतवणूक समिती असते, त्यात संचालक असतात. कुणी व्यापारी, कुणी डॉक्टर, कुणी सूतगिरणीतला. यातल्या अनेकांना ब्रोकरकडून येणारी इंग्रजी टिपणं कंटाळवाणी वाटतात. तू मराठीत एक पानी टिपण लिही: या आठवड्यात लिलावात काय झालं, यील्ड कुठून कुठे गेलं, रोकड किती सैल आहे, पुढच्या आठवड्यात काय आहे. सगळी माहिती सार्वजनिक, त्यामुळे गोपनीयतेचा प्रश्न नाही. असे चार आठवड्यांचे चार कागद तयार कर आणि मग पत्र लिही:

'मा. मुख्य कार्यकारी अधिकारी यांस, मी अमुक महाविद्यालयात टेक्स्टाइलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेले दोन महिने सरकारी रोख्यांचा बाजार रोज पाहून नोंदी ठेवतो आहे. सोबत गेल्या चार आठवड्यांची टिपणं जोडली आहेत. मे-जूनमध्ये सहा आठवडे आपल्या गुंतवणूक विभागात विनावेतन काम शिकण्याची परवानगी मिळाल्यास दर सोमवारी असं टिपण समितीसाठी तयार करीन. महाविद्यालयाचं पत्र सोबत आहे. ग्राहकांची कोणतीही माहिती मला नको.'

शेवटचं वाक्य गाळू नकोस, त्यांची पहिली भीती तीच असते. हे पत्र टपालाने किंवा मेलने पाठवून वाट पाहू नकोस. छापून, सही करून, सकाळी साडेदहाला घेऊन जा. कॉलेजच्या पत्रासाठी प्लेसमेंट सेलपेक्षा विभागप्रमुखांना गाठ, आणि 'इन-प्लांट ट्रेनिंग' हा शब्द वापर, तो त्यांच्या ओळखीचा आहे. पाच बँकांत जा. तीन ठिकाणी चहा मिळेल आणि नकार मिळेल.

आत गेलास तर पहिले काही दिवस फक्त जुन्या डील स्लिपा वाच. कोणता रोखा एचटीएममध्ये, म्हणजे मुदतीपर्यंत धरायचा म्हणून, ठेवला आहे, कोणता विक्रीसाठी, आणि असं का केलं, हे विचार. या एका प्रश्नावरून त्या बँकेची भीती आणि हाव दोन्ही कळतात.

वेळ उरला तर मुंबईतल्या प्रायमरी डीलर कंपन्या आणि रोख्यांचे ब्रोकर यांनाही लिही. एसबीआय डीएफएचआय, एसटीसीआय ही नावं शोधून बघ. विद्यार्थ्यांच्या यादीत ही नावं सहसा नसतात, म्हणून तिथे गर्दी कमी असते. त्यांच्या डीलरला पाठवायचा मेल इंग्रजीत, सहा ओळींचा, आणि सोबत वहीतल्या एका चुकलेल्या दिवसाचं पान. हो, चुकलेल्या. बरोबर आलेला अंदाज सगळेच पाठवतात.

आता सेल्स डेस्क. तुझा बायोडेटा मला दिसत नाही, पण मी सांगते त्यात काय आहे: 'टीमवर्क, लीडरशिप, मार्केटची आवड.' खोड ते. त्याऐवजी लिही की सूत कोणत्या भावाला आलं आणि मजुरी कशी ठरली हे तू लहानपणापासून पाहतोस. तुमच्या गावात जपानहून एअरजेट माग येतात, त्याचे पैसे परकीय चलनात द्यायचे असतात. कापड निर्यात करणाऱ्याला डॉलर तीन महिन्यांनी मिळणार असतात आणि तोवर रुपया कुठे जाईल याची त्याला धास्ती असते. तो बँकेशी फॉरवर्ड करार करतो, म्हणजे पुढच्या तारखेचा डॉलरचा भाव आजच ठरवून ठेवतो. भारतातले व्याजदर अमेरिकेपेक्षा जास्त असले की पुढच्या तारखेचा डॉलर आजच्यापेक्षा महाग मिळतो, म्हणजे निर्यातदाराला वर थोडा प्रीमियम सुटतो. हे बीकेसीतल्या मुलाला पुस्तकातून कळतं. त्या निर्यातदाराला पैसे साठ दिवसांत म्हटलेले नव्वद दिवसांनी येतात आणि मग करार लटकतो, हे तुला माहीत असायला हवं. नसेल तर या सुट्टीत गावातल्या तीन निर्यातदारांकडे जाऊन बस. बँकांच्या सेल्स डेस्कला असा माणूस हवा असतो जो या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलेल. इथे तुझं मराठी माध्यम कमीपणाचं नाही, कामाचं आहे.

इंग्रजीबद्दल तू नुसतं 'मराठी माध्यम' लिहून थांबलास, भीती मला कळली. डीलिंग रूममध्ये बोलतात ती भाषा हिंदी, गुजराती, मराठी आणि तुटक इंग्रजीची खिचडी असते. 'माइन' म्हणजे घेतलं, 'युअर्स' म्हणजे दिलं. आकडा मात्र स्वच्छ बोलता आला पाहिजे, एका दमात, न अडखळता. फिफ्टीन आणि फिफ्टी यांत गोंधळ झाला तर तिथे व्याकरणाची चूक म्हणून सोडत नाहीत. रोज दहा मिनिटं भाव मोठ्याने वाच. घरचे वेडा म्हणतील.

मुलाखतीत एक खेळ खेळतात, तो सांगून ठेवते. मी विचारायचे, 'कोल्हापूर-मुंबई महालक्ष्मी एक्स्प्रेसचे थांबे किती? टू-वे भाव दे.' म्हणजे तू किती थांब्यांना घेशील आणि कितीला विकशील. समज पोरगा म्हणाला, १५-२५. मी म्हणायचे, '२५ ला घेतले. पुन्हा भाव दे.' आता इथे माणूस कळतो. मी २५ ला घेतले, म्हणजे मला बहुधा आकडा वर आहे असं माहीत आहे, निदान वाटतंय. मग त्याने भाव वर सरकवायला हवा, १९-२८ असा काहीतरी. जो परत १५-२५ म्हणायचा त्याच्याकडून मी पुन्हा घ्यायचे, पुन्हा घ्यायचे, आणि तो मान हलवत विकत राहायचा. दुसरा प्रकार, भीतीने ५-१०० म्हणणारा. त्याचं नुकसान होत नाही, पण त्याच्याशी सौदाही होत नाही. बरोबर उत्तर मला नको असायचं. एकदा मिरजेच्या एका मुलीने, मी दोनदा घेतल्यावर, शांतपणे विचारलं, 'मॅडम, तुम्ही या गाडीने नेहमी जाता का?' मी तिथेच हसले. समोरचा का घेतोय हे विचारायचं तिला सुचलं होतं.

एनआयएसएम या सेबीच्या संस्थेच्या परीक्षा आहेत, त्यांतली व्याजदर किंवा चलन डेरिव्हेटिव्हची एखादी दे, अभ्यास होतो. सीएफए, एफआरएम या फायनान्सच्या परदेशी परीक्षा नोकरी लागल्यावर बघ, फी जबर आहे. सीजीपीए ७.४ चं काही करता येणार नाही, पुढच्या सेमिस्टरला थोडा ओढ.

आणि ते १८ हजार. बायोडेटात नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात होते. म्हणजे तुझा 'अनुभव' एक कोटीहून जास्त लोकांकडे आहे. शिवाय बँकेच्या डीलरला स्वतःच्या खात्यावर खेळायला कडक बंधनं असतात, त्यामुळे ती हौस दाखवणारा उमेदवार बघून समोरचे सावध होतात. कुणी थेट विचारलं तर मात्र लपवू नकोस: किती गेले, कसे गेले, कधी थांबलो. थांबला आहेस ना? पत्रात तू 'घालवलेत' लिहिलंस, 'बंद केलंय' असं कुठे लिहिलं नाहीस. मी पत्र दोनदा वाचलं.

घरी सांग. मी फोन आल्यावर अर्धा तास चाळत बसले होते, तुझे महिने चाललेत. सोळा मागांच्या मजुरीवरच्या घरात १८ हजार म्हणजे काय हे तुला माझ्यापेक्षा नीट माहीत आहे. संध्याकाळी माग बंद झाल्यावर सांग, चालू असताना नको, आवाजात त्यांना ऐकू येणार नाही आणि तुला दोनदा सांगावं लागेल.

— ताई